परदेशी युवा हवामान शिबिराला अर्ज करताय? आधी एक वही सुरू करा

अर्जात ‘हवामानबदल ही गंभीर समस्या आहे’ असली सुरुवात नको. ती सगळेच करतात. सांगलीच्या पोरांकडे सांगण्यासारखं केवढं आहे! 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. पावसाळाभर रोजची पातळी तारखेसह वहीत उतरवा. (पूर चढला की पुलावर जायचं नाही, जलसंपदा विभागाचे आकडे घ्या.) शेजारच्या आजींच्या भिंतीवर पाण्याची रेघ असेल, तर टेप लावून मोजा, फोटो काढा. अशी एका मोसमाची नोंद माझ्या मते दहा प्रमाणपत्रांना भारी आहे.

आणि पासपोर्ट आत्ताच काढा. सज्ञान अर्जदाराला साधा, 36 पानी 1500 रुपयांत मिळतो, दहा वर्षं चालतो. निवड झाल्यावर पळापळ केली, तर व्हिसाला वेळच उरत नाही.