जुन्या चित्रातील वास्तू नकाशावर नेमकी कशी नोंदवावी

बेळगाव, खानापूर किंवा चिकोडी भागातील एखाद्या वास्तूचे जुने रेखाचित्र हाती आल्यावर नकाशावर गावाच्या नावाशी खूण करून थांबू नये. वास्तू कोठे आहे आणि चित्रकार कोठे उभा होता, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बेळगाव किल्ल्यातील मंदिरांसाठी जेम्स बर्जेस यांचा 1874 चा पुरातत्त्व अहवाल हे सुरुवातीचे उत्तम साधन आहे.

चित्रकाराची जागा काढण्यासाठी चित्रात एकाच उभ्या रेषेत आलेल्या, पण अंतराने मागेपुढे असलेल्या दोन वस्तू निवडाव्यात, उदाहरणार्थ शिखराची कड आणि मागच्या टेकडीचा उंचवटा. झाडे निवडू नयेत, कारण ती वाढतात आणि तोडलीही जातात. प्रत्यक्ष जागेवर आपण उजवीकडे सरकलो की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत डावीकडे गेलेली दिसते. दोन्ही पुन्हा एका रेषेत येईपर्यंत सरकत राहावे. अशीच दुसरी जोडी जुळवली की प्रत्येक जोडीतून जाणाऱ्या दोन रेषा जेथे छेदतात, तेथेच चित्रकार उभा होता.

अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर पाच अंक लिहिल्यास सुमारे एक मीटरपर्यंतची सूक्ष्मता मिळते. मोबाइल तितका अचूक नसतो, म्हणून त्याहून जास्त अंक लिहिणे दिशाभूल करणारे ठरते. दगडी छताखाली मोबाइलवर विसंबू नये. दारासमोर मोकळ्यावर नोंद घेऊन आतले अंतर टेपने मोजावे.

मूळ जागा आणि आजची जागा नेहमी वेगळी लिहावी, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी येथेच घ्यावी लागते. बेळगाव किल्ल्यातील कमल बसदी (जैन मंदिर) रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 च्या सुमारास बांधवली आणि ती जागेवर उभी आहे. परंतु त्याच काळातील बेळगावचे शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अशा शिलालेखासाठी दोन खुणा करून त्या रेषेने जोडाव्यात, आणि मूळ जागेचा आधार काय, हे शेजारीच लिहावे. किल्ल्याच्या परिसरात लष्करी हद्द असल्याने छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शोधताना बेळगावसाठी वेणुग्राम आणि खानापूर तालुक्यातील हलशीसाठी पलाशिका ही जुनी नावेही वापरावीत. नोंदीत मराठी व कन्नड दोन्ही नावे द्यावीत. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत. त्यामुळे तेथील प्रत्येक छायाचित्रासोबत कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे लिहिणे अत्यावश्यक आहे.