चेतासंस्थेच्या अभ्यासासाठी प्राणी-मॉडेल: निवड, मांडणी आणि निष्कर्ष

प्रयोगशाळेत उंदीर उपलब्ध आहेत म्हणून उंदरांवर काम सुरू करायचे आणि प्रश्न मागाहून त्यात बसवायचा, ही चेतासंस्थेच्या संशोधनातली जुनी सवय आहे. तिची किंमत बहुधा अगदी शेवटी, निष्कर्ष लिहिताना कळते. म्हणून प्राणी ठरवण्याआधी एक वाक्य कागदावर उतरवावे: हा प्रयोग यशस्वी झाला, तर आपण नेमके कोणते विधान करणार आहोत? ‘अल्झायमरचा अभ्यास’ हे विधान होत नाही. ‘अमुक प्रथिन साठू लागल्यावर हिप्पोकॅम्पसमधील सिनॅप्स चेतापेशी मरण्याच्या आधीच कमी होतात’ हे विधान होते (हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग, सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा). ते खोटे ठरू शकते, आणि त्यासाठी प्राण्यात काय असायलाच हवे व काय नसले तरी चालेल हेही त्यातून लगेच स्पष्ट होते. कोणताही प्राणी आख्ख्या आजाराची प्रतिकृती देत नाही. तो आजाराविषयीच्या एखाद-दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, आणि तो प्रश्न कोणता हे आपणच ठरवायचे असते.

प्रश्न निरोगी कार्याचा असेल तर

चेतासंस्था निरोगी अवस्थेत कशी चालते एवढेच शोधायचे असेल, तर माणसाशी साम्य हा निकष मागे ठेवता येतो आणि ती गोष्ट जिथे सर्वांत ठळक दिसते व मोजता येते तो प्राणी घेता येतो. चेतापेशीतून विद्युत-संदेश कसा धावतो हे शोधताना हॉजकिन आणि हक्सले यांनी स्क्विड निवडला, कारण त्याचा महाकाय अॅक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो आणि त्यात इलेक्ट्रोडची तार लांबीने आत सरकवता येते. १९५२ मध्ये त्यांनी मांडलेली आयन-प्रवाहांची समीकरणे पुढे तपशिलाच्या फेरफारांसह सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींनाही लागू पडली. एरिक कँडेल यांनी अॅप्लिशिया ही समुद्री गोगलगाय घेतली. तिच्यात सुमारे २०,००० चेतापेशी असतात, त्यांतील काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि कल्ले आत ओढून घेण्याची तिची प्रतिक्षिप्त क्रिया सवयीने मंदावते व धक्क्याने तीव्र होते. शिकताना सिनॅप्सची ताकद बदलते, हे त्यामुळे एकेका पेशीच्या पातळीवर दाखवता आले.

आजची निवडही याच तत्त्वाने करावी. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीच्या उभयलिंगी प्राण्यात ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. मात्र जोडण्या ठाऊक असल्या म्हणजे वर्तनाचे भाकीत करता येते, असे समजू नये. कोणती पेशी कोणते न्यूरोपेप्टाइड (छोटा प्रथिनासारखा संदेशवाहक रेणू) सोडते आणि ते दूरवर कुठे परिणाम करते, हे अशा नकाशात दिसत नाही. जनुकापासून वर्तनापर्यंतचा धागा शोधायचा असेल तर फळमाशी उत्तम आहे: दैनंदिन जैविक घड्याळाचे ‘पिरियड’ हे जनुक कोनोप्का आणि बेन्झर यांनी १९७१ मध्ये माश्यांतच शोधले. संपूर्ण मेंदूतील चेतापेशींची सक्रियता एकाच वेळी पाहायची असेल, तर झेब्राफिशच्या पारदर्शक अळीत कॅल्शियमला प्रतिसाद देणारे चमकणारे प्रथिन घालून सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहता येते.

उंदीर घेण्याचे सबळ कारण म्हणजे त्याच्यात प्रमस्तिष्काचे कवच आणि हवे ते जनुक हव्या त्या पेशीत चालू-बंद करण्याची साधने एकत्र मिळतात. तरीही त्याच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी असतात आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी, हे विसरू नये. बोटांच्या नाजूक हालचाली किंवा डोळ्याच्या फोव्हियाशी (दृष्टिपटलाचा सर्वांत स्पष्ट दिसणारा मधला भाग) निगडित दृष्टी असे विषय उंदरात अभ्यासताच येत नाहीत. तिथेच माकडांचा विचार करावा, आणि तोही इतर मार्ग खरोखर संपल्यावरच.

प्रश्न आजाराचा असेल तर

इथे तीन कसोट्या लावण्याची पद्धत आहे. लक्षणे माणसासारखी दिसतात का, आजाराचे कारण व यंत्रणा तीच आहे का, आणि या प्राण्यात गुणकारी ठरलेले औषध माणसातही गुणकारी ठरते का? तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरणारे मॉडेल जवळजवळ नसते. आपल्या विधानासाठी कोणती कसोटी अनिवार्य आहे, एवढे आधी ठरवावे.

पार्किन्सनचे उदाहरण थोडे सविस्तर पाहणे उपयोगाचे आहे. या आजारात डोपामीन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात. ६-हायड्रॉक्सीडोपामीन हे रसायन डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशींत शिरून त्यांना मारते, पण ते रक्तातून मेंदूत जात नाही. म्हणून भूल दिलेल्या रॅटचे (उंदराहून मोठी, वेगळी जात) डोके स्टीरिओटॅक्सिक चौकटीत स्थिर करून, कवटीवरील ब्रेग्मा या खुणेपासून मोजलेल्या बिंदूवर बारीक सुईने ते टोचावे लागते. नॉरअॅड्रिनॅलिनच्या पेशी वाचाव्यात म्हणून आधी डेसिप्रामीन देण्याची प्रथा आहे. इजा बहुतेक वेळा एकाच बाजूला करतात, कारण दोन्ही बाजूंना केल्यास प्राणी खाणेपिणे सोडतो. काही आठवड्यांनी अॅम्फेटामीन दिले की तो इजा झालेल्या बाजूकडे गोल फिरू लागतो आणि अॅपोमॉर्फीन दिले की उलट दिशेने, कारण इजेच्या बाजूचे डोपामीन-ग्राहक (डोपामीनचा संदेश पकडणारी प्रथिने) दरम्यान अतिसंवेदनशील झालेले असतात. या फेऱ्या मोजून इजा किती झाली याचा अंदाज बांधता येतो. डोपामीनची भरपाई करणाऱ्या औषधांची परीक्षा घ्यायला हे मॉडेल फार चांगले आहे. पण पेशी मुळात का मरतात, या प्रश्नावर ते जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण मारणारे विष आपणच टोचलेले असते.

एमपीटीपी या रसायनाची कथा वेगळी आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त कृत्रिम मादक पदार्थ टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक पार्किन्सनसारखा ताठरपणा आला आणि त्यामागे हे रसायन असल्याचे उघड झाले. माकडांत ते माणसासारखीच लक्षणे निर्माण करते. उंदरांत सी५७बीएल/६ हा शुद्ध वंश त्याला बऱ्यापैकी बळी पडतो, तर रॅट त्याला बराच दाद देत नाही. एकाच रसायनाचा परिणाम जातीगणिक इतका बदलतो, हे निवड करताना ध्यानात ठेवावे. (हे रसायन हाताळणाऱ्यालाही तितकेच घातक आहे; सुरक्षेची लेखी कार्यपद्धती मंजूर असल्याशिवाय त्याची बाटली उघडू नये.) एमपीटीपी दिलेल्या माकडांत १९९० मध्ये बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी मेंदूत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक केंद्रकाला इजा करून लक्षणे कमी होतात हे दाखवले आणि त्या केंद्रकातील खोल मेंदू-उत्तेजनाच्या (आत बसवलेल्या इलेक्ट्रोडने वीज देण्याच्या) उपचाराला त्यातून भक्कम आधार मिळाला. आजाराचे मूळ कारण वेगळे असूनही बिघडलेले चेतापेशींचे मंडल तेच होते, आणि विधान मंडलाविषयी होते. म्हणूनच ते माणसापर्यंत टिकले.

जनुकीय आजारात कारणाचे साम्य मिळवणे सोपे वाटते, पण तिथेही जातीजातींतला फरक आडवा येतो. पाठीच्या कण्यातील चेतापेशींचा ऱ्हास होणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीत माणसाचे एसएमएन१ हे जनुक निकामी झालेले असते. जवळच असलेले एसएमएन२ थोडेसे प्रथिन बनवून जीव तगवते. उंदरात हे दुसरे जनुकच नाही, त्यामुळे एकुलते एक जनुक काढले की भ्रूणच मरतो. मानवी एसएमएन२ उंदरात घातल्यावर आजाराचे उपयुक्त मॉडेल तयार झाले, आणि त्याच जनुकावर काम करणाऱ्या, २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या नुसिनर्सेन या औषधाची पूर्वपरीक्षा अशा उंदरांत घेता आली.

एकाच चाचणीवर विसंबण्याचा धोका अपस्माराच्या औषधांत दिसतो. मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये मांजरांना विजेने आणलेल्या झटक्यांवर फेनिटॉइनचा गुण दाखवला आणि त्या धर्तीच्या चाचण्या पुढे रूढ झाल्या. पण लेव्हेटिरासेटाम हे आज सर्रास वापरले जाणारे औषध प्रचलित चाचण्यांत निष्प्रभ ठरले होते. त्याचा गुण दिसला तो वारंवार उत्तेजनाने झटक्यांची प्रवृत्ती मुरवलेल्या आणि उपजतच झटके येणाऱ्या प्राण्यांत.

जात, वंश आणि वर्तनाच्या चाचण्या

वॉटर मेझ ही अवकाशीय स्मृतीची चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडली. गोल टाकीत गढूळ केलेले पाणी, पृष्ठभागाच्या किंचित खाली लपवलेला चौथरा, भिंतींवर ठळक खुणा. प्राणी त्या खुणांच्या आधारे चौथरा शोधायला शिकतो. शेवटी चौथरा काढून टाकून तो योग्य चतुर्थांशात किती वेळ पोहतो हे मोजतात. नशिबाने तिथे २५ टक्के वेळ जातोच, त्याहून जास्त हवा. आता समजा, आपल्या जनुकबदल केलेल्या उंदरांना चौथरा सापडत नाही. स्मृती गेली, असे लिहिण्यापूर्वी ते उंदीर पाहू शकतात का हे तपासावे: एफव्हीबी/एन आणि सी३एच या वंशांत दृष्टिपटल नष्ट करणारे उत्परिवर्तन असते आणि ते उंदीर लहानपणीच आंधळे होतात. म्हणून चौथऱ्यावर झेंडा लावून तो उघड दिसेल अशी फेरी घेणे अनिवार्य मानावे, पोहण्याचा वेग वेगळा नोंदवावा आणि नुसते तरंगत राहणारे किंवा कडेकडेने फिरणारे उंदीर वेगळे ओळखावेत. आवाजावर आधारलेल्या चाचण्यांत असाच सापळा आहे. सी५७बीएल/६ उंदरांची श्रवणशक्ती वयानुसार क्षीण होत जाते, त्यामुळे म्हातारे उंदीर आवाजाला दचकत नाहीत याचा अर्थ भीतीची स्मृती गेली असा होत नाही.

तुलनेसाठी बाहेरून विकत आणलेले ‘निरोगी’ उंदीर घेऊ नयेत. त्याच वेतातील, उत्परिवर्तन नसलेली भावंडे घ्यावीत. परकीय जनुकाच्या प्रतींची संख्या पिढ्यांमागून पिढ्या तपासत राहावी. मोटर न्यूरॉनच्या एएलएस या आजारासाठी वापरल्या जाणाऱ्या एसओडी१ उंदरांत प्रती गळाल्या की आयुष्य आपोआप वाढते, आणि ते औषधाचेच यश वाटू शकते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फेरतपासणीत या उंदरांवर ७० हून अधिक औषधे सुमारे १८,००० प्राण्यांत तपासली गेली. पूर्वी गुणकारी म्हणून गाजलेल्या औषधांचाही परिणाम तिथे टिकला नाही. लहान गट, न जुळवलेली भावंडे आणि प्रतींतले चढउतार यांतून उठलेला तो गोंगाट होता, असा त्याचा अर्थ लावला गेला.

प्रयोगाची मांडणी

प्राण्यांची गटांत वाटणी संगणकाच्या यादृच्छिक क्रमाने करावी, पिंजऱ्यातून हाताला लागतील तसे उचलून नव्हे. जो उंदीर आधी हाती लागतो तो बहुधा मंद किंवा धीट असतो. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. कोणता प्राणी कोणत्या कारणाने वगळायचा, हे आधीच लेखी ठरवावे. चार उंदरांतील साठ चेतापेशी नोंदल्या तर नमुना चारचाच असतो, साठचा नव्हे. गाभण मादीला औषध दिले तर नमुन्याचे एकक ती मादी, तिची पिल्ले नव्हेत. ही चूक प्रसिद्ध शोधनिबंधांतही अजून सर्रास आढळते आणि माझ्या मते परीक्षकांनी ती सर्वांत आधी शोधावी. नर आणि माद्या दोन्ही घ्याव्यात.

शरीराचे तापमान ही क्षुल्लक वाटणारी बाब पक्षाघाताच्या प्रयोगांत निर्णायक ठरते. एमके-८०१ हे औषध जर्बिलांच्या मेंदूला रक्तपुरवठा तुटल्यावर वाचवते असे दिसत होते. १९९० मध्ये लक्षात आले की औषधाने शरीर थंड पडत होते आणि वाचवत होता तो थंडावा. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान आणि नंतरचे काही तासही तापमान मोजून राखावे. भूल देणारी औषधे चेतासंस्थेवरच काम करतात, हे उघड सत्य नियोजनात हटकून विसरले जाते. केटामीन ग्लुटामेट या संदेशवाहकाचे एनएमडीए ग्राहक बंद करते, तेव्हा त्याच ग्राहकांचा अभ्यास त्या भुलेखाली करणे निरर्थक आहे.

हाताळणीचेही तसेच. शेपटीने उचललेले उंदीर नळीतून किंवा ओंजळीतून उचललेल्यांपेक्षा जास्त चिंताग्रस्त वागतात. पुरुष संशोधकाच्या गंधानेही उंदरांत ताण येऊन वेदनेची प्रतिक्रिया दबते, असे २०१४ मध्ये दाखवले गेले. हे सगळे बदल टाळता येत नाहीत. ते गटांत समान वाटले जातील आणि नोंदले जातील, एवढे पाहावे. १९९९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी सारे काही जुळवून तेच वंश त्याच चाचण्यांत तपासले, तरी काही निकाल वेगळे आलेच. त्यामुळे छोटा परिणाम एकाच ठिकाणी दिसला असेल, तर दुसऱ्या प्रयोगशाळेत तो पुन्हा पाहिल्याखेरीज त्यावर इमारत उभारू नये.

नैतिक परवानगी हा शेवटी भरायचा अर्ज समजू नये. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि वेदना कमी करणे, मांडणीतच उतरायला हवीत. मानवी मूळपेशींपासून वाढवलेल्या चेतापेशींत प्रश्न सुटत असेल तर प्राणी घेऊच नये. त्याच वेळी, फार कमी प्राणी घेऊन काहीच सिद्ध न करणारा प्रयोग ही काटकसर नव्हे, तर सगळ्याच प्राण्यांचा अपव्यय आहे. वजनात किती घट झाली, किंवा पाठीवर उलटवलेला उंदीर किती सेकंदांत उठला नाही, म्हणजे प्रयोग थांबवून प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचे, ती मर्यादा आकड्यांत आधी लिहावी आणि ती पाळण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवावी.

निष्कर्ष लिहिताना

सुरुवातीला लिहिलेले वाक्य आता परत वाचावे आणि हाती आलेला पुरावा त्याच्यापुढे गेला आहे का हे पाहावे. अल्झायमरच्या बऱ्याच उंदरांत अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात, पण टाऊ प्रथिनाच्या गाठी आणि माणसात दिसतो तसा पेशींचा मोठा ऱ्हास आढळत नाही; अशा उंदरांत थर विरघळवणारे औषध ‘अल्झायमर बरा करते’ असे लिहिण्याला आधार नाही, ‘अमायलॉइडचे थर कमी करते’ एवढेच लिहावे. वंशाचे पूर्ण नाव, वय, लिंग, पिंजऱ्यातील संख्या, प्रकाशाचे वेळापत्रक, वगळलेल्या प्राण्यांचा हिशेब हे सारे प्राणी-प्रयोगांचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२० च्या आवृत्तीनुसार नोंदवावे. काहीच परिणाम दिसला नसेल तरी तो प्रसिद्ध करावा, म्हणजे तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हा तितक्याच प्राण्यांवर होणार नाही. आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात प्राण्याचे नाव अवश्य घालावे.