लायपोसक्शन करून घेताना: पहिल्या भेटीपासून पट्टा सुटेपर्यंत

लायपोसक्शनचा, म्हणजे त्वचेखालची चरबी बारीक नळीने शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, विचार करताना वजनकाटा बाजूला ठेवावा, कारण या शस्त्रक्रियेने शरीराचा आकार बदलतो, वजनात मात्र फारसा फरक पडत नाही. आहार आणि व्यायाम सांभाळूनही पोट, कंबर, मांड्या, दंड किंवा हनुवटीखाली जी चरबी हटत नाही, तिच्यासाठी हा उपाय आहे. माझ्या धाकट्या बहिणीची शस्त्रक्रिया वाशीत झाली, तेव्हा पहिल्या भेटीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत मी तिच्यासोबत होते. शस्त्रक्रियेची आम्ही बरीच माहिती काढली होती, परंतु त्यानंतरच्या सहा आठवड्यांची घरात कोणतीच तयारी नव्हती. म्हणून त्या आठवड्यांविषयी येथे अधिक विस्ताराने लिहीत आहे.

आपण या शस्त्रक्रियेस योग्य आहोत का, याचा अंदाज घरीही घेता येतो. सरळ उभे राहून बेंबीच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून पाहावी. हाताला जाड वळी लागली तर ती त्वचेखालची चरबी होय आणि लायपोसक्शनने निघते ती हीच. पोट पुढे आलेले असूनही घट्ट लागत असेल आणि चिमटीत फारसे काही येत नसेल, तर चरबी स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती साठलेली असते. तेथपर्यंत ही नळी नेली जात नाही. मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी अधिक संबंध आहे तो या आतल्या चरबीचा, आणि आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसांतही ती आढळते. पोटावरची चरबी मोठ्या प्रमाणात काढलेल्या स्थूल स्त्रियांचा एक छोटा अभ्यास २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यांच्या इन्सुलिनविषयक मोजमापांत सुधारणा दिसली नाही. त्यामुळे साखर आटोक्यात येईल या आशेने कोणीही या वाटेला जाऊ नये.

बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाची गोष्ट आणखी वेगळी असते. तेथे पुष्कळदा मधले स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले असतात आणि त्वचाही सैल पडलेली असते. अशा वेळी नुसती चरबी काढली तर त्वचा अधिकच लोंबते. त्यासाठी सैल त्वचा काढून स्नायू जवळ आणणारी टमी टक ही वेगळी आणि मोठी शस्त्रक्रिया असते. बेंबीजवळ हर्निया, म्हणजे स्नायूंच्या भिंतीतील फटीतून आतला भाग बाहेर आलेला असल्यास तो आधी लक्षात येणे फार महत्त्वाचे आहे, कारण नळी आतड्याला लागण्याचा धोका त्यामुळे वाढतो. शंका असल्यास पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

डॉक्टर निवडताना घाई करू नये. घोडबंदर रस्त्यापासून पाम बीच रस्त्यापर्यंत बारीक करून देण्याच्या जाहिराती जागोजागी दिसतात, परंतु फलकावरच्या छायाचित्रांवरून शल्यविशारदाचे शिक्षण कळत नाही. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का, हे विचारावे आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतील नोंदणी क्रमांक पडताळून पाहावा. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यानुसार रुग्णालयाची महापालिकेकडे नोंदणी असावी लागते. ते प्रमाणपत्र पाहण्याची मागणी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ खोलीत असणार का, चरबी आणि द्रव मिळून साधारण किती लिटर काढण्याचा बेत आहे आणि गुंतागुंत झाल्यास अतिदक्षता विभाग कोठे आहे, या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळालीच पाहिजेत. एकाच वेळी पाच लिटरपेक्षा अधिक काढल्यास ती मोठी शस्त्रक्रिया समजली जाते आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवणे आवश्यक ठरते.

खर्चाचा तपशील लेखी घ्यावा. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही आणि तिच्यावर जीएसटीही लागतो. आजच पैसे भरल्यास सवलत देतो, असे कोणी म्हणाले तर माझ्या मते तेथून उठून यावे.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे ईसीजी होतो. तंबाखू आणि धूम्रपान निदान चार आठवडे आधी सोडावे, कारण त्यामुळे जखम भरून येण्यास अडथळा येतो. ॲस्पिरिन, वेदनाशामके, गर्भनिरोधक गोळ्या, इ जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, इतकेच नव्हे तर घरचे काढे आणि आयुर्वेदिक चूर्णेदेखील डॉक्टरांना सांगावीत. मात्र रक्त पातळ करणारे औषध आपल्या मनाने बंद करू नये. दिवस निवडताना ऋतूचाही विचार करावा. खाडीकाठच्या दमट उकाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर घट्ट पट्टा बांधून राहणे फार कष्टाचे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या मानाने सुसह्य जातो. घरात गणपती किंवा लग्नकार्य असेल तर त्याच्या आधीचे दोन महिने टाळावेत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला उभे करून पेनाने खुणा केल्या जातात, कारण आडवे झाल्यावर चरबी सरकते. त्यानंतर सलाईनमध्ये लिग्नोकेन आणि ॲड्रेनालिन मिसळलेले द्रावण त्वचेखाली भरतात. त्याने तो भाग बधिर होतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. ही पद्धत अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली आणि लायपोसक्शन बरेच सुरक्षित झाले. काही मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅन्यूला नावाची बोथट नळी आत घालून ती मागे-पुढे हलवत चरबी शोषून घेतात. व्हेझर, लेझर अशी यंत्रांची नावे कानावर पडतील, परंतु शल्यविशारदाच्या हाताचे कौशल्य त्याहून मोलाचे आहे.

पहिल्या रात्री छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपते. हे कोणी आधी सांगितले नव्हते, त्यामुळे चादर भिजलेली पाहून माझी बहीण घाबरून रडू लागली. ते मुख्यतः भरलेले द्रावणच असते आणि साधारण एक-दोन दिवसांत थांबते. गादीवर प्लास्टिक आणि जुन्या चादरी अंथरून ठेवाव्यात. घरी येताना रिक्षा नको, कारण खड्ड्यांतला प्रत्येक हादरा जाणवतो. त्याच संध्याकाळपासून आधार घेऊन घरातल्या घरात चालावे, म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. या दिवसांत वजन उलट वाढलेले दिसते; ते अंगात साठलेल्या पाण्याचे असते.

दाब देणारा पट्टा साधारण चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. दोन पट्टे घ्यावेत, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा घालता येतो. त्याला आत वळी पडू देऊ नये, नाहीतर त्वचेवर तशीच खाच उमटू शकते. पहिल्यांदा पट्टा काढताना चक्कर येण्याची शक्यता असते, म्हणून बसून आणि कोणीतरी जवळ असतानाच तो काढावा. पाण्याची भरलेली बादली किंवा कडेवर येणारे मूल डॉक्टर सांगेपर्यंत उचलू नये. बसून करण्याचे काम आठवडाभरात जमू शकते, परंतु ठाणे स्थानकातील गर्दीत धक्के खात उभे राहणे जमत नाही. शक्य असल्यास दोन आठवडे घरून काम मागून घ्यावे.

काळे-निळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. बधिरपणा मात्र काही महिनेही राहतो आणि त्यात एक धोका लपलेला आहे. बधिर त्वचेला चटका कळत नाही, म्हणून आजी कितीही मायेने म्हणाली तरी गरम पाण्याची पिशवी तेथे ठेवू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाताला गाठी आणि कडकपणा लागतो, दोन बाजू असमान दिसतात. याच काळात मन सर्वांत अधिक खचते. बहुतेकांचा हा कडकपणा हळूहळू उतरतो. आकार तीन महिन्यांत दिसू लागतो आणि सूज पूर्ण जाण्यास सहा महिने लागू शकतात.

मात्र काही लक्षणांसाठी सकाळ होण्याची वाटही पाहू नये. धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे वागणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा त्वचा काळी पडणे यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना लगेच कळवून जवळच्या तातडीच्या विभागात जावे किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. चरबीचे कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे ही क्वचित घडणारी परंतु जीवघेणी गुंतागुंत आहे. रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

काढलेल्या चरबीच्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी फुगू शकतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की उपवन तलावाकाठी असो वा नेरुळच्या ज्वेल परिसरात, रोजचे चालणे पुन्हा सुरू करावे. शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या छायाचित्रांची प्रत मागून ठेवावी आणि सहा महिन्यांनी तशाच उजेडात, तशाच उभे राहून पुन्हा छायाचित्रे काढावीत. दुरुस्तीची शस्त्रक्रिया हवी की नको, याची चर्चा ती दोन्ही समोर ठेवूनच करावी.