दुसरी हार्ड डिस्क जोडल्यावर बंद पडणारा संगणक: माझा अनुभव
नागपुरातील घरच्या संगणकाला साडेतीन इंची दुसरी हार्ड डिस्क जोडल्यापासून, विंडोजचा लोगो दिसण्याआधीच तो बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. बायोसमधील (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारी प्रणाली) बूटचा क्रम, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे तो क्रम, बरोबर होता. डेटा केबल बदलूनही फरक पडला नाही. मात्र नव्या डिस्कची पॉवर केबल काढताच सारे सुरळीत होई, म्हणून माझा संशय वीजपुरवठ्यावर गेला. अशा डिस्कच्या तबकड्या फिरू लागताना ती १२ व्होल्टच्या वाहिनीवरून काही क्षण सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट घेते, आणि माझ्या दोन्ही डिस्क एकाच स्वस्त स्प्लिटरवर (एका पॉवर वायरीला दोन फाटे देणारी जोडणी) होत्या. सीताबर्डीच्या बाजारात जाऊन नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) घेण्याच्या विचारात होतो, पण आधी मुख्य स्विच बंद करून नव्या डिस्कला एसएमपीएसची स्वतंत्र वायर दिली. संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. तो स्प्लिटर मी पुन्हा वापरणार नाही.