कार्यारंभ आदेश ते अंतिम देयक: ठेकेदाराच्या विम्याची तयारी

कार्यारंभ आदेश हातात पडला की ठेकेदाराचा पहिला फोन सेंट्रिंगवाल्याला जातो, दुसरा खडीवाल्याला. विमा आठवतो तो पहिलं चालू बिल (काम सुरू असतानाच झालेल्या कामाचं बिल) अडल्यावर. हा क्रम फिरवा, आणि पहिल्याच दिवशी निविदा पुस्तिकेतली विम्याची अट काढून तिच्यावर पेनने खूण करा.

राज्य शासनाच्या कामांच्या निविदांत ही अट बहुधा एकाच साच्याची असते. विमा घ्यायचा तो शासकीय विमा निधीतूनच, म्हणजे मुंबईच्या विमा संचालनालयाकडून. ओळखीच्या एजंटने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आणून दिली तर ती ग्राह्य धरत नाहीत. संचालनालयाच्या हिशोबाने निघणारा हप्ता सरळ बिलातून वळता होतो आणि एजंटकडे भरलेले पैसे वर गेले ते गेलेच. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या कामांत अटीचा साचा वेगळा दिसतो. तिथे ठेकेदाराने पॉलिसी दिली नाही तर काम देणारी यंत्रणा स्वतः विमा काढून हप्ता येणे रकमेतून कापू शकते. येणं काहीच नसेल तर तो हप्ता ठेकेदाराच्या नावावर कर्ज म्हणून चढतो.

बिलातून कपात झाली म्हणजे विमा झाला, असा समज साइटवर सर्रास ऐकू येतो. तो महागात पडतो. कपातीची नोंद आणि पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसी क्रमांक आणि सुरुवातीची तारीख लेखी मिळेपर्यंत आपण उघड्यावर आहोत असंच धरून चाला. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी जमा झाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेत नाही. त्यामुळे चेक दिला आणि तो वटला नाही, तर छापील पॉलिसी फाइलला असूनही दावा उभा राहत नाही. हप्ता ऑनलाइन भरा आणि पावती पॉलिसीच्या पाठीला लावा.

प्रस्ताव अर्जासोबत कार्यारंभ आदेशाची प्रत आणि स्वीकृत रकमेचा कागद द्या. पॉलिसी आली की चार जागा बोटाने तपासा: ठेकेदाराचं नाव करारनाम्यात आहे तसंच आहे का, कामाचं नाव पूर्ण आहे का, जागा बरोबर आहे का आणि तारखा जुळतात का. ‘पूल व पोहोच रस्ता’ असं काम असताना पॉलिसीत नुसतं ‘पूल’ आलं, तर पावसात खचलेल्या भरावासाठी वाद घालत बसावं लागतं. आदेश १० जानेवारीचा आणि पॉलिसी ३ फेब्रुवारीपासून असेल, तर मधल्या २४ दिवसांत पाया खोदताना शेजारची भिंत पडली तरी भरपाई खिशातूनच.

विमा रकमेत काटकसर नको. काम २ कोटींचं, विमा दीड कोटीचा आणि नुकसान २० लाखांचं असेल, तर प्रमाणात कापून हाती १५ लाख येतात. त्यातूनही ठेकेदाराने सोसायचा ठरावीक हिस्सा वजा होतो. वाढीव बाबी मंजूर झाल्या, भाववाढ मिळाली, की त्याच आठवड्यात विमा रकमेत वाढ मागा.

खरी रक्कम बुडते ती मजुरांच्या विम्यात. ३० वर्षांचा मजूर कामावर दगावला आणि महिन्याची मजुरी १५,००० रुपये धरली, तर भरपाई मजुरीच्या निम्मे गुणिले २०७.९८ (हा वयानुसार ठरलेला गुणांक), म्हणजे १५,५९,८५० रुपये. हे सूत्र १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात होतं, त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. काम देणाऱ्यावर भरपाई बसली तर तो ती ठेकेदाराकडून वसूल करतो, आणि बिल व अनामत त्याच्याच ताब्यात असते. म्हणून मुकादमाच्या टोळीतली माणसं पॉलिसीत धरली आहेत का, हे विचारा. अर्जात १२ मजूर लिहून स्लॅबच्या दिवशी ४० उभे केले, तर हजेरीपत्रकच आपल्याविरुद्ध बोलतं.

भाड्याच्या जेसीबीची आणि मिक्सरची विमा प्रत गाडी साइटवर शिरतानाच मोबाइलवर घ्या. तृतीय पक्ष विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघाताची भरपाई वेगळी.

सगळ्यात जास्त खंड पडतो तो मुदतवाढीत. काम ३१ मार्चला संपायचं, जूनपर्यंत मुदतवाढ मिळाली, पॉलिसी मात्र मार्चलाच संपली. मे महिन्यात सेंट्रिंग कोसळलं की हे ध्यानात येतं. मुदतवाढीचा अर्ज टाकतानाच विमा वाढीचाही अर्ज टाका. मंजुरीची वाट पाहू नका. काम बंद ठेवायची वेळ आली, मग ते जागेच्या वादाने असो की निधीअभावी, तर तसं विमा कार्यालयाला लेखी कळवा, कारण काम थांबल्यामुळे झालेलं नुकसान अशा पॉलिस्यांत सहसा वगळलेलं असतं.

विम्याची अट मोडणं हा करारभंगच. नोटीस येऊनही पॉलिसी दिली नाही, तर बिल थांबतं, आणि प्रकरण चिघळलं की बी-१ करारनाम्याच्या (शासकीय बांधकामांच्या ठरलेल्या नमुन्यातल्या कराराच्या) कलम ३ पर्यंत जातं. त्यात करार रद्द होतो, अनामत जप्त होते आणि उरलेलं काम आपल्या जबाबदारीवर, आपल्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घेतलं जातं. नोटिशीला उत्तर देताना नुसतं ‘विमा काढत आहोत’ लिहू नका. हप्त्याची पावती जोडा.

नुकसान झालंच तर मलबा हलवू नका. चारही बाजूंनी फोटो घ्या, शाखा अभियंत्याला बोलावून पंचनामा करून घ्या, जखमी किंवा मृत्यू असेल तर पोलिसांना कळवा आणि विमा कार्यालयाला त्याच दिवशी ईमेल टाका. बऱ्याच पॉलिस्यांत १४ दिवसांची मुदत असते. विम्याचा सर्व्हेअर (नुकसान मोजणारा) पाहून जाईपर्यंत तुटलेलं स्टील भंगारात जाता कामा नये.

अंतिम देयकाच्या वेळी दोष दायित्व कालावधीची, म्हणजे काम संपल्यावरही दोष दुरुस्तीची जबाबदारी आपल्यावर राहते त्या काळाची, अट पुन्हा वाचा. त्या काळाचंही संरक्षण मागितलं असेल तर मूळ पॉलिसी संपायच्या आत ते वाढवून घ्या, आणि सुरक्षा अनामत परत मागताना त्याची प्रत अर्जाला जोडा.