माणूस जायच्या आधीचं दुःख: घरच्यांनी काय करावं

डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलं, गाडी मिरजेहून तासगावकडे वळली, की घरच्यांचं रडू तिथूनच सुरू होतं. माणूस हयात असताना रडणं म्हणजे अपशकुन नव्हे. चिडचिड, झोप उडणं, ‘सुटले तर बरं’ असं मनात येणं हेही त्याच दुःखाचे भाग आहेत. त्यात पाप नाही.

आधी पाळ्या लावा. सगळी जागरणं एकट्या सुनेवर टाकू नका. रात्रीचे चार-चार तास वाटून घ्या, औषधाच्या वेळा वहीत लिहा. पाहुण्यांना सकाळी 10 ते 12 एवढीच वेळ सांगा.

सगळ्यात जास्त चुकतं ते खाण्यात. शेवटच्या दिवसांत भूक जाते, कारण शरीरच हळूहळू थांबत असतं. ‘दोन घास तरी घ्या’ म्हणून बळेच पेज भरवली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यापेक्षा स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, नीट पिळून ओठांवरून आणि जिभेवरून फिरवा, दर तासा-दोन तासांनी. त्यांचं कोरडं तोंड ओलावतं आणि आपल्या हातांनाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

राहिलेलं आजच बोला. ‘आबा, तेव्हा रागानं बोललो, माफ करा.’ ‘शेताचं आम्ही बघतो.’ उत्तर आलं नाही तरी बोला. त्यांना ऐकू येत असू शकतं. लहान मुलांपासूनही लपवू नका.

झोप पार उडाली किंवा जगणंच नकोसं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असतो.