एल वनच्या तिकिटांमधून वर यायचंय? मग घरी एक सर्व्हर मोडायला घ्या

पुण्यात काय किंवा मुंबईत काय, सपोर्ट टीममध्ये एल वनला, म्हणजे तक्रारींची तिकिटं आधी हाताळणाऱ्या पहिल्या पायरीवर, लागलेली मुलंमुली भेटली की हाच प्रश्न असतो, आता पुढे कुठला कोर्स करू, लिनक्सचा करू का डायरेक्ट क्लाउडचा, का डेव्हऑप्सच करून टाकू. माझं म्हणणं एवढंच की कोर्स नंतर बघू, आधी असा एक सर्व्हर हाताशी ठेवा जो मोडला तर कोणाचं काही बिघडणार नाही. कारण एल वनला शिकायला मिळतं काय तर अलर्ट आला, एसओपी (काय करायचं त्याची ठरलेली यादी) उघडली, त्यातल्या दोन-तीन कमांड मारल्या, सुटलं तर तिकीट क्लोज नाहीतर वरच्या पायरीला, एल टूला, एस्कलेट. अशी वर्षं निघून जातात, रिझ्युमेवर लिनक्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन लिहिलेलं असतं, पण स्वतः एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाइल) एक ओळ घालून सर्व्हर रिबूट करायची वेळ कधी आलेलीच नसते. यात त्या पोरांचा दोष नाही हो, प्रॉडक्शनवर कोणी प्रयोग करू देत नाही आणि देऊही नये, म्हणून प्रयोगाची जागा आपली आपण तयार करायची.

८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो, १६ असेल तर छानच. विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाका, लॅपटॉपवर लिनक्सच असेल तर केव्हीएम, आणि ग्राफिकल डेस्कटॉप न टाकता दोन व्हीएम, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीन, उभ्या करा, प्रत्येकीला दीड-दोन जीबी रॅम बास होते. दोनच पाहिजेत कारण एकट्या मशीनवर एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन), एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स वाटणं), डीएनएस (नावावरून आयपी शोधणं), बॅकअप यातलं काहीच नीट कळत नाही, समोर कोणीतरी लागतं. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका व्यक्तीला १६ सिस्टीमपर्यंत फुकट आहे, ते नको असेल तर त्याच्याशी जुळणारं अल्मालिनक्स किंवा रॉकी घ्या, उबंटू सर्व्हरही चालतो, पण खालचे काही प्रयोग, विशेषतः आरडी डॉट ब्रेक आणि एसईलिनक्सचे, रेड हॅटच्या कुटुंबातल्या लिनक्सवरच जसेच्या तसे होतात. फक्त क्लासच्या जुन्या नोट्स सेंटओएस ७ च्या असतील तर त्यावर वेळ घालवू नका, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, आता त्यावर यम (सॉफ्टवेअर टाकायची कमांड) चालवलं की रेपोच, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून येतं तो साठाच, सापडत नाही आणि नवा माणूस आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून बसतो. क्लाउडवर लॅब करणार असाल तर पहिलं काम म्हणजे बिलिंगचा अलर्ट लावणं, सर्व्हर त्यानंतर.

आता मोडायचं काय? एफएसटॅबपासून सुरुवात करा. एका डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) मुद्दाम चुकीचा लिहा आणि रिबूट मारा. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबेल, एसएसएच लागणार नाही, कन्सोलवरूनच आत जावं लागेल, आणि रूटचा पासवर्ड माहीत नसेल तर बूट थांबवून आरडी डॉट ब्रेक हा पर्याय देऊन आत शिरून तो बदलावा लागेल, त्यात परत एसईलिनक्सचं (परमिशनच्या वरची जास्तीची सुरक्षा) रीलेबल विसरलात तर नव्या पासवर्डनेही लॉगिन होणार नाही. एवढ्या एका प्रकारात बूटची सगळी साखळी समजते, बूटलोडर ग्रब कुठे संपतं, कर्नल काय करतं, सर्व्हिसेस सुरू करणारं सिस्टमडी कोणासाठी थांबतं. आणि एकदा हे भोगलं की एफएसटॅब बदलल्यावर रिबूटच्या आधी माउंट -ए चालवून बघायची सवय आपोआप लागते.

मग डिस्क फुल. हे तिकीट तर रोजचंच आहे, पण त्याचे तीन चेहरे आहेत आणि एसओपीत बहुतेक वेळा एकच असतो. पहिला साधा, मोठी लॉग फाइल. दुसऱ्यात डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) सांगतं जागा भरपूर आहे तरी अ‍ॅप्लिकेशन ओरडतंय नो स्पेस लेफ्ट, अशा वेळी डीएफ -आय मारून बघा, आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी, संपलेल्या असतात, कुठल्यातरी फोल्डरात लाखो बारक्या फाइल्स साठलेल्या असतात. तिसऱ्यात तुम्ही दहा जीबीची लॉग डिलीट केली तरी जागा मोकळीच होत नाही, फाइल्सचा आकार मोजणारं डीयू एक आकडा सांगतं आणि डीएफ दुसराच, कारण प्रोसेसने ती फाइल अजून उघडी धरलेली आहे, नाव गेलं पण डेटा डिस्कवरच आहे. उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या एलएसओएफने ती प्रोसेस शोधायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची किंवा तिला लॉग परत उघडायला लावायचं. हे तिन्ही प्रकार लॅबमध्ये एका संध्याकाळी तयार करता येतात, छोटं पार्टिशन करा आणि स्क्रिप्टने रिकाम्या फाइल्स बनवत सुटा.

वेब सर्व्हर अपाचीचं डॉक्युमेंट रूट (वेबसाइटच्या फाइल्सचं फोल्डर) डिस्कच्या मुळाशी बनवलेल्या एका नव्या फोल्डरमध्ये हलवा. परमिशन ७७७ दिली तरी ४०३ (प्रवेश नाही) येणार. इथे इंटरनेटवर दहातले आठ जण सांगतील सेटएनफोर्स झीरो करा, म्हणजे एसईलिनक्सची सक्तीच काढा, तसं अजिबात करू नका. ऑडिट लॉग उघडा, एलएस -झेड करून लेबल बघा, सीमॅनेजने बरोबर कॉन्टेक्स्ट (तेच लेबल) ठरवून द्या आणि ते लागू करायला रिस्टोरकॉन चालवा. एसईलिनक्स बंद न करता प्रॉब्लेम सोडवणारा माणूस इंटरव्ह्यूमध्ये लगेच ओळखू येतो, मला विचाराल तर ही एकच गोष्ट एल वन आणि एल टू मधला फरक दाखवायला पुरते.

डीएनएसचंही एक करून बघा, ईटीसी होस्ट्स फाइलमध्ये एखाद्या नावाला चुकीचा आयपी द्या. डीएनएस तपासणारी डिग कमांड बरोबर आयपी दाखवेल आणि पिंग भलतीकडेच जाईल, कारण डिग होस्ट्स फाइल बघतच नाही, थेट डीएनएसला विचारतं, आणि पिंग, कर्ल, तुमचं अ‍ॅप्लिकेशन हे सगळे होस्ट्स फाइल आधी बघतात. गेटएंट होस्ट्स वापरलं की अ‍ॅप्लिकेशनला नक्की काय दिसतंय ते कळतं. तसंच लोड अ‍ॅव्हरेज (किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत त्याचा आकडा) वीसवर आणि सीपीयू मात्र रिकामा, हा इंटरव्ह्यूचा लाडका प्रश्न आहे, लिनक्समध्ये डिस्क किंवा एनएफएससाठी अडकून बसलेल्या डी स्टेटमधल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात, तर दुसऱ्या व्हीएमवरचं एनएफएस अचानक बंद करा आणि पहिलीवर काही फाइल्स वाचायला लावा, उत्तर पाठ करायची गरजच राहणार नाही.

मोडायच्या आधी स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणाची प्रत) घ्या पण लगेच त्यावर परत जाऊ नका, ही अट स्वतःला घालाच. आधी वहीत किंवा टेक्स्ट फाइलमध्ये लिहा की काय दिसतंय, मला काय वाटतंय, आणि ते खरं का खोटं हे कुठली कमांड सांगेल. अंदाज चुकला तर तोही लिहून ठेवा. गुगल आणि एआयला विचारायच्या आधी मॅन पेज (लिनक्समध्येच असलेली कमांडची माहिती) उघडा, आणि मॅनचे सेक्शन समजून घ्या, ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचंच बघा, मॅन १ क्रॉनटॅबमध्ये कमांड आहे तर मॅन ५ क्रॉनटॅबमध्ये फाइलचा फॉरमॅट, कित्येक जणांना पाच नंबरचं पान आहे हेच माहीत नसतं. इंग्रजी मॅन पेज सुरुवातीला जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, फुकट आहेत, मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्याने सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

आणि बॅकअप. खरं सांगायचं तर बॅकअप शिकू नका, रिस्टोर शिका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब डॉट कॉम या कोड साठवायच्या साइटवर जे झालं ते प्रत्येक अ‍ॅडमिनने वाचायला हवं, त्यांनी स्वतःच सगळं उघडपणे लिहून ठेवलंय. रात्री उशिरापर्यंत रेप्लिकेशनचा (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवण्याचा) प्रॉब्लेम सोडवत असलेल्या इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचं फोल्डर पुसायचं होतं, कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदात लक्षात येऊन त्याने थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) बनतच नव्हता, डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे ते एरर देऊन बंद पडत होतं आणि बॅकअप ठेवायची अ‍ॅमेझॉनच्या एस३ ची बकेट रिकामी. फेल झाल्याचे मेल जात होते पण डीएमएआरसी या मेल पाठवणाऱ्याची खात्री करणाऱ्या नियमामुळे समोरून नाकारले जात होते, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी वाचवलं कोणी तर सुमारे सहा तास आधी स्टेजिंगसाठी सहज घेतलेल्या डिस्कच्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने. यातलं प्रत्येक पाऊल घरी करून बघता येतं. डेटाबेस टाका, डंपचा क्रॉन लावा, मग दुसऱ्या व्हीएमवर कोऱ्या मशीनपासून रिस्टोर करा आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. महिन्यातून एकदा करा. आणि प्रॉडक्शन आणि टेस्टच्या टर्मिनलचे प्रॉम्प्ट वेगवेगळ्या रंगाचे ठेवा, आजच.

सर्टिफिकेटबद्दल लोक दोन टोकांना असतात, कोणी म्हणतं कागदाला अर्थ नाही, कोणी भिंतभर लावतं. मला रेड हॅटची आरएचसीएसए आवडते कारण ती पर्याय निवडायची परीक्षा नाही, समोर मशीन देतात आणि काम करून दाखवायचं, ३०० पैकी २१० पास व्हायला लागतात, आणि रिबूटनंतर तुमचं कॉन्फिगरेशन टिकलं नाही तर त्याचे मार्क नाहीत. म्हणजे वर जी मोडतोड सांगितली तीच तिची तयारी. लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएसही हाताने करून दाखवायचीच आहे. पैसे स्वतःचे असतील तर एका वेळी एकच, आणि कंपनी फी परत देते का ते एचआरला आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात आणि पोरं विचारतच नाहीत. विंडोजवाल्यांसाठी एवढंच की एमसीएसए, एमसीएसई या परीक्षा मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्येच बंद केल्या, आता विंडोज सर्व्हरसाठी एझेड ८०० आणि ८०१ बघा आणि विंडोजवर कमांड आणि स्क्रिप्टसाठीचं पॉवरशेल आलंच पाहिजे. कॉलेज नुकतंच संपलं असेल आणि सहा महिने पूर्ण वेळ देता येत असतील तर सीडॅक या सरकारी संस्थेचा डिटिस हा डिप्लोमा नेमका याच विषयाचा आहे, त्यासाठी सीकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गल्लीतल्या क्लासचा विचार करत असाल तर एकच विचारा, लॅबमध्ये मला रूट अ‍ॅक्सेस मिळेल का आणि मशीन मोडलं तर चालेल का, उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.

यानंतर ऑटोमेशन, पण यानंतरच. हाताने न केलेलं काम अ‍ॅन्सिबलसारख्या ऑटोमेशनच्या टूलला सांगता येत नाही. ऑटोमेशनची सुरुवात टीएलएस सर्टिफिकेट (वेबसाइटच्या एचटीटीपीएसला लागणारं) बदलण्यापासून करा, कारण इथे घाईच आहे. पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती, ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. वर्षातून एकदा कॅलेंडरला रिमाइंडर लावून एक्सेल शीटवर सर्टिफिकेट सांभाळणाऱ्या टीमला हे झेपणारच नाही, तर तुमच्या टीममध्ये हे ऑटोमेट करणारे तुम्ही व्हा. आधी लॅबमध्ये करून मग मॅनेजरला दाखवा.

भारतातल्या सर्व्हरवर काम करत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश एकदा मुळातून वाचा, मोठे नाहीत. लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची. ऑडिट आलं की धावपळ होते ती यावरच, आणि घड्याळ जुळवणारं क्रॉनी व जुने लॉग सांभाळणारं लॉगरोटेट नीट येणारा माणूस तेव्हा सगळ्यांना हवा असतो.

बारीक गोष्टीकडे लक्ष जाणं हेही शिकण्यातच येतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीत लपवलेला बॅकडोर (चोरवाट) सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला, एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू जरा जास्तच खातंय एवढ्यावरून. त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला. आपल्याकडेही असे छोटे विचित्र प्रकार रोज दिसतात आणि तिकिटाच्या एसएलएच्या (ठरलेल्या मुदतीच्या) नादात राहून जातात. ते वहीत टिपून ठेवा, शिफ्ट निवांत असेल तेव्हा एक घेऊन बसा.

राहिलं लिहिणं. मराठी माध्यमातले कित्येक हुशार अ‍ॅडमिन इथेच मागे पडतात, काम येतं पण आरसीए (बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल) लिहायची म्हटलं की दुसऱ्याकडे ढकलतात. वाक्यं साधी चालतात. किती वाजता काय झालं, कोणाला फटका बसला, कारण काय, ते कशावरून कळलं, परत होऊ नये म्हणून काय बदललं, एवढं सरळ इंग्रजीत लिहिता आलं की क्लायंट कॉलवर तुमचं नाव यायला लागतं. लॅबमध्ये मोडलेल्या प्रत्येक गोष्टीची अर्ध्या पानाची आरसीए लिहा, पहिल्यांदा मराठीत विचार मांडून मग इंग्रजीत केलीत तरी चालेल.

आणि ऑफिसमध्ये मागा. एल टूच्या माणसाला सांगा की पुढच्या पॅचिंगच्या चेंज विंडोला (बदल करायला ठरवलेल्या वेळेला) मी नुसता कॉलवर बसतो, प्री-चेक मी करतो, रोलबॅकचा प्लॅन मी लिहून आणतो. रविवारी पहाटे दोनला बसायला कोणी तयार नसतं, त्यामुळे बहुतेक जण हो म्हणतात. पहिल्यांदा फक्त बघा, पुढच्या वेळी एक सर्व्हर मागून घ्या, आणि त्या आठवड्यात सुट्टीचा कॉम्प-ऑफ न विसरता घ्या, झोप नसलेल्या माणसाने प्रॉडक्शनवर कमांड मारायची नसते.